झोहो सीआरएम ते टॅली, एन८एनमार्गे : प्रकल्प नोंदी, मार्च–एप्रिल २०२५

३ मार्च २०२५, सोमवार

आज कामाला औपचारिक सुरुवात झाली. भोसरी औद्योगिक वसाहतीतील हा कारखाना पाण्याच्या वाहिन्यांसाठी व्हॉल्व्ह आणि फिटिंग बनवतो. विक्री विभाग विक्रेत्यांच्या, म्हणजे हा माल घेणाऱ्या दुकानदारांच्या, भेटी, दरपत्रके आणि मागण्या झोहो सीआरएम या ग्राहक-नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो, तर हिशेब विभाग टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. या दोन विभागांमधला आजवरचा दुवा म्हणजे रोज संध्याकाळी छापून काढलेला मागण्यांचा कागद. हिशेब विभागातील ताई तो दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलीत पुन्हा हाताने भरतात. दोन्हीकडच्या एपीआयना (बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारांना) एन८एन या, निरनिराळी सॉफ्टवेअर जोडणाऱ्या, इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मवर एकत्र आणून हा कागद बंद करणे, एवढे काम आमच्याकडे सोपवले आहे.

प्रवाह तीन ठरले. नवा किंवा बदललेला विक्रेता सीआरएममधून टॅलीकडे जाईल, पक्की झालेली मागणी त्याच दिशेने जाईल आणि बीजक व येणे बाकी टॅलीमधून सीआरएमकडे येईल. बैठकीत आम्ही आकृती काढून दाखवली, तेव्हा ताईंनी बाणांकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांचे म्हणणे एकच होते : "तुम्हाला काय जोडायचं ते जोडा, पण मला न विचारता खातेवहीत नवीन खातं उघडलेलं मला चालणार नाही." हे वाक्य कार्यकक्षेच्या कागदावर जसेच्या तसे लिहून घेतले.

५ मार्च, बुधवार

एन८एन भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवणाऱ्या व्यवस्थेत, बसवले आणि सोबत येणाऱ्या एसक्यूलाइटऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस जोडला, कारण आपल्या स्वतःच्या नोंदींचे तक्तेही तेथेच ठेवायचे आहेत. साठवलेली गुपिते कुलूपबंद करणारी एनक्रिप्शनची किल्ली आपण दिली नाही, तर एन८एन ती स्वतः तयार करून आपल्या फोल्डरमध्ये ठेवते. उद्या ते फोल्डर न जपता कंटेनर नव्याने उभा केला, तर साठवलेली सगळी क्रेडेन्शियल्स (पासवर्ड आणि टोकन) उलगडण्यापलीकडे जातात. म्हणून किल्ली आधीच ठरवून वेगळ्या ठिकाणी जपून ठेवली.

टॅलीची बाजू पाहताना मात्र धक्का बसला. टॅली साधारणतः ९००० या पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) एक्सएमएल या मजकूर-रचनेतल्या विनंत्या स्वीकारते, आणि तिथे कंपनी उघडलेली असली की वेगळी ओळख न विचारता उत्तर देते. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरते हे सोयीचे आहे. पूर्वीच्या एका कंत्राटदाराने मात्र राऊटरवर तेच पोर्ट थेट इंटरनेटला उघडून ठेवले होते. ते तत्काळ बंद करवले आणि सर्व्हर व हिशेब विभागाचा संगणक यांच्यात वायरगार्डचा, बाहेरच्यांना न वाचता येणारा, खासगी बोगदा टाकला.

६ मार्च, गुरुवार

वसाहतीची साप्ताहिक सुट्टी असल्याने आज फक्त झोहोच्या बाजूचे काम झाले. ओऑथ २.० या परवानगी-पद्धतीतील टोकनांची, म्हणजे परवान्यांची, साखळी अशी आहे : ग्रँट टोकन काही मिनिटांचे, ॲक्सेस टोकन एका तासाचे, आणि नवे ॲक्सेस टोकन मिळवून देणारे रिफ्रेश टोकन रद्द करेपर्यंत टिकणारे. कंपनीचे खाते भारतातील डेटा सेंटरवर असल्याने पत्ते सगळे डॉट इनचे हवेत. उदाहरणे पाहून डॉट कॉमचा पत्ता टाकल्यामुळे अर्धा तास नुसता "अवैध क्लायंट" हा शेरा पाहत बसलो. दुपारी पहिल्या दोनशे विक्रेत्यांचे पान उतरले. एका विनंतीत दोनशेच नोंदी मिळतात, हे पुढच्या आखणीत धरले आहे.

१० मार्च, सोमवार

दोन्हीकडच्या आकड्यांची तुलना करून तफावतीचा मेल पाठवणारा वर्कफ्लो (एन८एनमध्ये आखलेली कामांची मालिका) शुक्रवारी रात्री ११ च्या वेळेला लावला होता. शनिवारी आणि रविवारी तो मेल सकाळी साडेनऊला आला. मेल पोचायलाच उशीर होत असावा, अशी सोयीची समजूत आम्ही करून घेतली. आज तो साडेआठला आला, आणि बरोबर एका तासाच्या या उडीनेच उलगडा केला : काल अमेरिकेत घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे सरकली. वेळक्षेत्र सांगितले नाही तर एन८एन न्यूयॉर्कची वेळ धरते, हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. न वाचण्याची चूक आमची. न्यूयॉर्कचे रात्रीचे ११ म्हणजे कालपर्यंत आपले सकाळचे साडेनऊ, आणि आजपासून साडेआठ. वेळक्षेत्र आशिया/कोलकाता केले. यापुढे मेलची वेळ नोव्हेंबरपर्यंत साडेआठवर स्थिर राहिली असती आणि कोणाला शंकाही आली नसती, म्हणून रविवारचा योग आमच्या पथ्यावर पडला, असेच म्हणायचे.

१२ मार्च, बुधवार

विक्रेत्यांचा प्रवाह आणि टॅलीमधून खात्याची माहिती परत आणणारा प्रवाह एकत्र सुरू केले आणि पाच मिनिटांत ते थांबवावे लागले. सीआरएममध्ये विक्रेत्याचा पत्ता बदलला की झोहोचा वर्कफ्लो नियम वेबहुक, म्हणजे बदल झाल्याची आपोआप सूचना, पाठवतो. त्यावरून एन८एन टॅलीतील खाते दुरुस्त करते. प्रत्येक दुरुस्तीबरोबर टॅलीचा बदल-क्रमांक वाढतो. तो वाढलेला पाहून परतीचा प्रवाह खात्याची ताजी माहिती सीआरएममध्ये लिहितो. आणि ते लिहिणे म्हणजे पुन्हा बदल, पुन्हा वेबहुक. सोलापूरच्या एकाच विक्रेत्याचा पत्ता, एक अक्षरही न बदलता, रहाटगाडग्यासारखा फिरत राहिला.

उपाय दोन केले. झोहोच्या एपीआयला लिहिताना ट्रिगर नावाची यादी रिकामी पाठवली, तर त्या लिखाणावर वर्कफ्लो नियम चालत नाहीत. ती यादी वगळली तर मात्र सगळे चालतात. रिकामी यादी आणि नसलेली यादी यांतला हा भेद नवख्या माणसाला सहज चकवतो. दुसरा उपाय अधिक मूलभूत आहे. कोणते रकाने कोणाच्या मालकीचे, याचा तक्ता आम्ही ताई आणि विक्री व्यवस्थापक यांच्यासमोर बसून भरला. संपर्क व्यक्ती, फोन आणि माल उतरवण्याचा पत्ता विक्री विभागाच्या मालकीचा. खात्याचे नाव, जीएसटी क्रमांक, उधारीची मुदत आणि बाकी हिशेब विभागाच्या मालकीची. ज्याचा रकाना त्याच्याच बाजूने बदल निघेल आणि दुसरी बाजू तो केवळ दाखवेल. उधारीच्या मुदतीवरून पाऊण तास वाद झाला, कारण ती प्रत्यक्षात विक्रीची माणसे तोंडी वाढवून देतात आणि ताई ती महिनाअखेरीस नाइलाजाने मान्य करतात. सॉफ्टवेअर जोडताना असल्या तोंडी व्यवस्थेला लेखी जागा शोधून द्यावी लागते. शेवटी सीआरएममध्ये "मुदतवाढीची विनंती" असा वेगळा रकाना केला आणि मूळ मुदत ताईंकडेच ठेवली.

१३ मार्च, गुरुवार

साप्ताहिक सुट्टीमुळे टॅलीचा संगणक बंद, पण विक्रेत्यांची दुकाने उघडी. दिवसभर मागण्या येत राहिल्या आणि प्रत्येक प्रयत्न अपयशी ठरला. हे अपेक्षितच होते. आता वेबहुक आला की एन८एन टॅलीला हाकच मारत नाही; पोस्टग्रेसमधील प्रतीक्षा तक्त्यात एक ओळ लिहून लगेच होकार देते. दर पाच मिनिटांनी दुसरा वर्कफ्लो टॅली जागी आहे का ते पाहतो आणि असेल तर ओळी क्रमाने पुढे सरकवतो. वेबहुकमध्ये येणारी माहिती आम्ही वापरतच नाही, केवळ नोंदीचा क्रमांक घेतो आणि पाठवण्याच्या क्षणी सीआरएममधून ताजी नोंद मागवतो, म्हणजे दोन बदल उलट्या क्रमाने पोचले तरी शेवटचे खरे तेच टॅलीत जाते.

१७ मार्च, सोमवार

धुळवडीनंतरचा पहिला सोमवार, आणि ज्या प्रश्नाला मी बिचकत होतो तो आज समोर आला : एक ग्राहक म्हणजे कोण?

सर्वांचा पहिला सल्ला जीएसटी क्रमांकाला ओळख मानावे असा होता. तो क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची, तेरावे त्याच पॅनवरील त्या राज्यातील नोंदणीचा अनुक्रम, चौदावे सहसा झेड आणि पंधरावे पडताळणीचे. हे शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून छत्तीसच्या पायावर गणित करून काढता येते, म्हणून ते गणित आम्ही एन८एनच्या एका कोड नोडमध्ये (स्वतःचा कोड लिहिता येणाऱ्या टप्प्यात) लिहिले. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकणे, दोन अंकांची अदलाबदल होणे, असल्या चुका आता टॅलीपर्यंत पोचण्याआधीच अडतात.

परंतु पडताळणी वेगळी आणि ओळख वेगळी. एका विक्रेत्याचे एक दुकान कोल्हापुरात आणि दुसरे बेळगावात आहे. मालक एक, पॅन एक, फोन उचलणारा माणूसही एकच. कोल्हापूरचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि बेळगावचा २९ ने. कारखाना महाराष्ट्रात असल्यामुळे कोल्हापूरच्या बीजकावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर लागतात, बेळगावच्या बीजकावर एकात्मिक कर लागतो. त्यामुळे टॅलीत ही दोन खातीच हवीत, त्याबद्दल ताई तसूभरही हटणार नाहीत आणि त्यांचेच बरोबर आहे. विक्री व्यवस्थापक तितक्याच ठामपणे सांगतात, की तो एक ग्राहक आहे, कारण सवलत दोन्ही दुकानांच्या एकत्रित उचलीवर ठरते. त्यांचेही बरोबर आहे. याखेरीज ग्रामीण भागातील कित्येक लहान दुकानदारांची जीएसटी नोंदणीच नाही, म्हणजे त्यांच्यासाठी ही ओळख मुळातच कोरी.

सायंकाळपर्यंत निर्णय झाला. सीआरएममध्ये प्रत्येक दुकानाची स्वतंत्र नोंद राहील आणि दोन्हींच्या वर मूळ खाते म्हणून मालकाची नोंद असेल. टॅलीला या मूळ खात्याचा पत्ताही लागणार नाही. दुकानाची झोहोमधील नोंद आणि टॅलीतील खात्याचा जीयूआयडी (टॅलीने दिलेली एकमेव ओळखखूण) यांची जोडी आमच्या पोस्टग्रेसमधील जोडणी तक्त्यात राहील, आणि नवी जोडी ताईंनी मान्य केल्याशिवाय पक्की होणार नाही. नाव, फोन आणि जीएसटी क्रमांक यांचा उपयोग फक्त संभाव्य जोडी सुचवण्यासाठी होईल.

१८ मार्च, मंगळवार

जोड्या सुचवणारा वर्कफ्लो चालवला. बहुतेक जुळल्या, परंतु कऱ्हाडच्या विक्रेत्यांपैकी एकही जुळला नाही. कारखान्यात खात्यांची नावे मराठीत ठेवण्याची जुनी पद्धत आहे, कारण माल भरणारे आणि टेम्पोवाले तीच चिठ्ठी वाचतात, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी गाव असते. दोन्ही पडद्यांवर "कऱ्हाड" अगदी एकसारखे दिसत होते. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "यात वेगळं काय आहे?"

वेगळेपण डोळ्यांना दिसणारे नव्हते, म्हणून दोन्ही नावे युनिकोडच्या अक्षरसंकेतांत (संगणक प्रत्येक अक्षराला देतो त्या क्रमांकांत) फोडली. विक्रीच्या माणसांचे मोबाइल कीबोर्ड हे अक्षर नुक्तायुक्त (खाली टिंब असलेला) ऱ, म्हणजे यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि ह असे लिहितात. टॅलीतील जुनी नावे साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्य-रुंदी जोडक यू+२००डी आणि ह अशी आहेत. दोन्हींतून अर्धचंद्री रच उमटतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावे. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या रीती एका रूपात आणणे) र आणि सुटा नुक्ता यांना ऱ मध्ये एकत्र करते, परंतु जोडकाला हात लावत नाही, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने तत्परतेने सगळी न दिसणारी अक्षरे काढून टाकणारी ओळ लिहिली आणि क्षणार्धात गावाचे "कर्हाड" झाले. जोडक गेला की र चा रफार होऊन डोक्यावर चढतो. शेवटी नियम असा केला, की र, हलन्त आणि जोडक हे त्रिकूट आले तर त्याच्या जागी ऱ आणि हलन्त लिहावे, मग एनएफसी करावे आणि शेवटी टोकाच्या रिकाम्या जागा छाटाव्यात. कऱ्हाडबरोबर आडनावांतले "गोऱ्हे" आणि "बऱ्हाटे" हेही सुटले. हे रूप केवळ तुलनेसाठी आहे. टॅलीत बीजक पाठवताना खाते नावानेच ओळखले जाते, म्हणून तिथे टॅलीचेच मूळ अक्षरन् अक्षर पाठवतो.

याच ओघात देवनागरी अंकांत लिहिलेले काही फोन क्रमांकही सापडले, जे जावास्क्रिप्टच्या अंक ओळखणाऱ्या पॅटर्नला अंक वाटत नाहीत. ते किरकोळ काम होते.

२० मार्च, गुरुवार

ताईंनी तपासलेल्या जोड्यांची एक्सेल फाइल घेतली आणि झोहोच्या एकाही क्रमांकाची नोंद सापडेना. हे क्रमांक अठरा अंकी आहेत आणि एक्सेल पंधरा अंकांपलीकडे अचूकता ठेवत नाही. शेवटचे तिन्ही अंक सर्वत्र शून्य झाले होते. रकाना आधी मजकूर म्हणून बांधून फाइल पुन्हा दिली. ताईंना दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले, याची मला खंत आहे.

२२ मार्च, शनिवार

नाशिकच्या विक्रेत्याची एक मागणी टॅलीत दोनदा पडली. टॅलीने पहिली मागणी नोंदवली, पण उत्तर परत येण्याआधी कारखान्याची वीज गेली, राऊटर बंद पडला आणि आमच्या वर्कफ्लोने वेळ संपली म्हणून पुन्हा प्रयत्न केला. अपयश आणि अनुत्तर या दोन गोष्टी आम्ही एकाच पेटीत टाकल्या होत्या. आता प्रत्येक मागणीच्या संदर्भ रकान्यात झोहोचा क्रमांक जातो, आणि उत्तर न मिळाल्यास पुन्हा पाठवण्याआधी त्या संदर्भाची मागणी आहे का, हे टॅलीलाच विचारले जाते. उलट बाजूने, टॅली एचटीटीपीवर २००, म्हणजे "ठीक", म्हणते तेव्हाही आतल्या एक्सएमएलमध्ये त्रुटी असू शकते, म्हणून निर्णय २०० वर न घेता, निर्माण झालेल्या नोंदींची आणि त्रुटींची संख्या वाचून घेतला जातो.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी सगळे प्रवाह एकदम ४०१, म्हणजे "ओळख मान्य नाही" हा शेरा, देऊ लागले. कोणी काही बदलले नव्हते, निदान तसे सर्वांनी सांगितले. कारण असे निघाले, की एका वापरकर्त्याला एका क्लायंटवर (झोहोकडे नोंदवलेल्या जोडणीवर) वीसच रिफ्रेश टोकन मिळतात आणि एकविसावे घेतले की सर्वांत जुने, वापरात असले तरी, आपोआप रद्द होते. आम्ही चाचणीसाठी रोज नवनवी जोडणी त्याच वापरकर्त्याने करत होतो आणि सर्वांत जुने टोकन होते ते नेमके प्रत्यक्ष कामाचे. चाचणीसाठी वेगळा वापरकर्ता आणि वेगळा क्लायंट केला. त्याच बैठकीत एन८एनच्या कार्यनोंदी (प्रत्येक फेरीत काय आले-गेले याचा तपशील) किती दिवस ठेवायच्या तेही ठरवले, कारण त्यांत विक्रेत्यांचे फोन क्रमांक तसेच पडून राहतात, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ पाहता ते कारण नसताना साठवणे योग्य नाही.

२८ मार्च, शुक्रवार

तिसरा प्रवाह, म्हणजे बीजके सीआरएममध्ये आणणारा, गेले दहा दिवस निर्दोष चालला होता आणि तो आम्ही पूर्ण झाला असे लिहिणारच होतो. ताई वर्षअखेरीची तयारी करताना सहज म्हणाल्या, "मंगळवारपासून बीजकं पुन्हा एकपासून सुरू होणार, ते तुमच्याकडे आहे ना?" ते आमच्याकडे नव्हते.

बीजक क्रमांक एका आर्थिक वर्षापुरताच अद्वितीय असतो आणि या कारखान्याच्या क्रमांकात वर्ष लिहिण्याची पद्धत नाही. आम्ही सीआरएममध्ये तोच क्रमांक दुबार तपासणीचा रकाना धरून, असेल तर दुरुस्त आणि नसेल तर नवीन, या पद्धतीने लिहीत होतो. मागील वर्षभराची बीजके आधीच उतरवलेली असल्यामुळे १ एप्रिलचे पहिले बीजक गतवर्षीच्या पहिल्या बीजकावर शांतपणे बसले असते. कोणतीही त्रुटी नाही, कोणताही मेल नाही, केवळ जुन्या विक्रेत्याच्या नावावरची रक्कम दुसऱ्याच्या नावावर. दिवसभरात ओळखीचा रकाना बदलून टॅलीच्या व्हाउचरचा (व्यवहाराच्या नोंदीचा) जीयूआयडी केला आणि आधीच्या सर्व बीजकांना तो भरून दिला. शंभर-शंभरच्या गटांनी पाठवल्यामुळे काम लवकर आटोपले. प्रत्येक गटाच्या उत्तरात प्रत्येक नोंदीची स्थिती वेगळी येते, ती एकेक तपासली.

१ एप्रिल, मंगळवार

रविवारी पाडवा आणि काल ईद, त्यामुळे मुहूर्ताच्या मागण्या प्रतीक्षा तक्त्यात साचल्या होत्या. सकाळी सव्वानऊला ताईंनी टॅली उघडली आणि त्या ओळीने आत गेल्या. नव्या वर्षाचे पहिले बीजक लातूरच्या विक्रेत्याचे निघाले. सीआरएममध्ये ते नवीन नोंद म्हणून उतरले आणि गेल्या एप्रिलचे एक क्रमांकाचे बीजक आपल्या जागी तसेच राहिले. दोन्ही शेजारी उघडून ताईंना दाखवली.

४ एप्रिल, शुक्रवार

कालच्या सुट्टीतील मागण्या सकाळी साडेनऊपर्यंत टॅलीत गेल्या. छापील कागद सोमवारपासून बंद करण्यास विक्री व्यवस्थापकांनी होकार दिला, ताईंनी मात्र तो आणखी महिनाभर हवा आहे असे कळवले, आणि तो राहील. प्रतीक्षा तक्त्यात एकच ओळ शिल्लक आहे : कऱ्हाडच्या एका नव्या दुकानाची, नोंदणी क्रमांक नसलेली आणि जुन्याच फोन क्रमांकाची. तो जुना विक्रेता आहे की त्याच्या मुलाने वेगळे दुकान काढले आहे, हे विचारायला ताईंनी दुपारी फोन केला होता. तो लागला नाही.